दाराला त्याचीच कडी

मंगळवारी सकाळी बशीरभाई गेले. त्यांच्या नातीने, सनाने, फोन केला. मी ऑफिसला कळवलं आणि शारजाला गेलो. दुपारी असरच्या नमाजानंतर दफन झालं. संध्याकाळी मी अल मनखूलला घरी परत आलो, गाडी लावली आणि समोरच्या गाडीच्या पाटीवरचा नंबर मोठ्याने वाचला.

असे नंबर वाचायची सवय माझी नव्हे, त्यांची. ती त्यांना अगदी शेवटी लागली. का लागली हे सांगायचं तर आधी ते कोण होते ते सांगायला हवं.

बशीर फणसोपकर रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावचे. पुण्यात धातुशास्त्र शिकले आणि पहिली नोकरी मिळाली तशी आखातात आले. मी त्यांना भेटलो तेव्हा ते हमरिया फ्री झोनमधल्या एका टेस्टिंग लॅबचे प्रमुख होते. पाइपलाइनचे फाटलेले तुकडे, क्रेनचे वाकलेले हूक, मोडलेले शाफ्ट असलं काय काय आमच्याकडे यायचं आणि ते का मोडलं हे आम्ही सांगायचो. म्हणजे ते सांगायचे, मी इंग्रजीत लिहायचो. ते लोखंड बघत आणि मी वाक्यं बघत असे. माझा रिपोर्ट वाचून कधी म्हणायचे, "लेले, हे वाक्य मधोमध गंजलंय. काढून टाका." वाक्य काढल्यावर रिपोर्ट सुधारलेला असायचा, आणि हे त्यांना माहीत असायचं. आपण हुशार आहोत हे लपवायची त्यांना कधी गरज वाटली नाही. बुद्धीबद्दल नम्रता दाखवणं म्हणजे पगाराची स्लिप खिशात घालून हिंडत गरिबीच्या गोष्टी सांगणं, असं त्यांचं मत होतं.

उंच होते. ऑगस्टच्या उकाड्यातही पांढऱ्या शर्टाच्या बाह्यांची बटणं लावलेली असत. खिशात पेनाच्या जागी भिंग. कुठलीही वस्तू पहिल्यांदा बघताना ते दोन्ही हात पाठीमागे बांधून घेत. मला वाटायचं ही ऐट आहे. एकदा विचारलं तर म्हणाले, "हात मागे बांधले की डोळे पुढे येतात. तुम्ही लोक आधी हात लावता आणि मग बघता. हात लावला की वस्तू आपली वाटायला लागते. आपली वाटली की संपलं."

लॅबबाहेर मात्र त्यांची ओळख वेगळी होती. जुन्या जर्मन लष्करी रायफली जमवणारी माणसं या देशात आहेत. काही इथलेच, ज्यांच्या घरात आजोबा-पणजोबांच्या बंदुका आहेत, काही युरोपातून येऊन राहिलेले, काही आपले हौशी व्यापारी. त्यांतला कुणीही नवी रायफल घ्यायच्या आधी बशीरभाईंना बोलवायचा. हे सगळं कधी सुरू झालं मला माहीत नाही. विचारलं की ते दर वेळी निराळी हकिगत सांगत, आणि शेवटी म्हणत, "यातली आवडेल ती घ्या. गोष्टीचं काय, कुणीही सांगतं."

गोष्टींवर त्यांचा राग होता. मालक सांगू लागे, की ही रायफल अमक्या लढाईतली, तमक्या अधिकाऱ्याच्या हातातली, आणि बशीरभाई पाठीमागे हात बांधून, मान हलवत, सगळं शांतपणे ऐकून घेत. मग भिंग काढत आणि म्हणत, "गोष्ट माणसाची, नंबर लोखंडाचा." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की पुढचा खिशातून भिंग निघतानाचा आवाजही मला त्याचाच भाग वाटतो.

आधी परवाना बघायचे. परवाना समोर ठेवल्याशिवाय पेटी उघडू द्यायचे नाहीत. मग एसी बंद करायला लावत, कारण थंड लोखंडावर दमट हवेचं दव धरतं आणि ठसे नीट दिसत नाहीत. मग नळी, मग दस्ता आणि शेवटी कडी. रायफलीचा जो भाग मागे ओढून पुन्हा पुढे ढकलला की गोळी आत बसते, त्याला सगळे बोल्ट म्हणतात. बशीरभाई कडी म्हणायचे. जर्मन कारखान्यात नळीवर जो नंबर ठोकत तोच कडीवरही ठोकत. युद्धात, दुरुस्तीत, लुटीत कड्यांची अदलाबदल होई. म्हणून दोन्ही नंबर जुळणारी रायफल दुर्मीळ, आणि न जुळणारी म्हणजे दोन मढ्यांची हाडं एकत्र केलेली. "दाराला त्याचीच कडी हवी," ते म्हणायचे. "दुसऱ्याची कडीसुद्धा लागते. पण दाराला कळतं."

जुमेराच्या एका क्लायंटची रायफल बघायला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. भला मोठा व्हिला, काचेचं कपाट, आत दिवे. मालक आपल्याकडचेच, टाइल्सच्या धंद्यातले. त्यांनी नळीवरचा जर्मन लष्कराचा गरुडाचा शिक्का दाखवला, मग कडीवरचा नंबर, मग दस्त्यावरचा, मग बारीकसारीक स्क्रूंवरचेही. सगळे जुळत होते. "टोटल मॅचिंग, बशीरभाई! दिरहममध्ये सांगितलं तर तुम्ही म्हणाल ठीक आहे, रुपयांत सांगितलं तर चक्कर येईल."

"मग रुपयांत सांगू नका," बशीरभाई म्हणाले. "चक्कर आली की माणूस नीट बघत नाही."

बराच वेळ त्यांनी बघितलं. मग भिंग मिटून माझ्याकडे वळले. "लेले, तुमच्यात पत्रिका जुळवतात. छत्तीसपैकी किती गुण जुळले की लग्न करतात?"

"अठरा जुळले तरी चालतं."

"आणि छत्तीसच्या छत्तीस जुळले तर?"

"तर उत्तमच."

"तर ज्योतिषाला काय दिलं ते विचारायचं," ते म्हणाले आणि मालकांकडे वळले. "शेटजी, गरुड नवा आहे. जुना शिक्का आधी मारत आणि मग लोखंडाला काळा रंग चढवत. त्यामुळे रंग शिक्क्याच्या तळापर्यंत जातो. इथे रंग फोडून शिक्का आत गेलाय, कडा वर आल्यात. पाखरू बाजारातून आणून जुन्या पिंजऱ्यात बसवलंय. आणि नंबर सगळे एकाच हातचे आहेत. कारखान्यात एवढे भाग एका माणसाने ठोकलेले नसतात."

शेटजींनी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. परतताना बशीरभाई अगदी खूश होते. खोटं पकडल्यावर त्यांना भूक लागायची.

त्याच शेटजींनी एकदा त्यांना शूटिंग क्लबात बोलावलं होतं, चार राउंड मारून बघा म्हणून. हे गेले नाहीत. इतकी वर्षं रायफली पारखल्या, पण त्यांनी एकही रायफल कधी झाडली नाही, एकही स्वतःजवळ ठेवली नाही. मला हे विचित्र वाटायचं. त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं. "सोनार काय नथ घालून दुकानात बसतो?"

पण एकदा, लॅबमध्ये, कुठलंच निमित्त नसताना ते बोलले. कुणीतरी युद्धाच्या शेवटच्या काळातली एक जर्मन रायफल तपासायला आणली होती. त्यांनी मला भिंगातून नळीची बाजू दाखवली. तिच्यावर यंत्राच्या पात्याचे ओरखडे तसेच होते. "सुरुवातीच्या वर्षांत हे घासून आरशासारखं करत. इथे घासायला वेळ नव्हता. शिक्का बघा, तिरका. ठोकणाऱ्याचा हात थकलेला, कदाचित तो माणूसही तिथला नसेल, धरून आणलेला असेल. लेले, हे लोक हरायला लागले होते आणि हे आधी या लोखंडाला कळलं. लोकांना वाटतं मी बंदूक बघतो. बंदूक बघण्यासारखी वस्तू नाही. मी ठोकणाऱ्याचा हात बघतो."

शुक्रवारी सकाळी ते शारजाच्या मासळीबाजारात जायचे. सुरमईला इथे कनाद म्हणतात. मासळीवाला केरळचा, त्यांना चांगला ओळखणारा. "सर, टुडे मॉर्निंग कॅच. माय ओन ब्रदर बोट," तो म्हणायचा. हे हात पाठीमागे बांधून त्याच्या भावाची, बोटीची, समुद्राची चौकशी करायचे आणि मग कल्ला उघडून बघायचे. "हबीबी, तुझ्या भावाला सांग, सुरमईने काल सकाळीच कलमा पढला होता." तो हसायचा आणि खालच्या पेटीतला मासा काढायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी नसरीन ऊद मेथाच्या एका शाळेत शिकवायची. तिची मुलगी सना. मासे ते स्वतः साफ करत आणि सनाला काटे काढून भरवत. ती वयाने मोठी झाली तरी भरवत. सना त्यांच्याशी इंग्रजीत बोलायची आणि ते तिला मराठीत उत्तरं द्यायचे. दोघांचंही चुकत नसे.

आता, ती नंबर वाचायची सवय जिच्यातून लागली, ती खोरफक्कानची गोष्ट.

खोरफक्कान हे डोंगरांपलीकडचं समुद्रकाठचं गाव, आणि अबू सैफ हे तिथले एक वयस्क गृहस्थ. तरुणपणी मुंबईला मालाच्या खेपा करायचे, त्यामुळे हिंदी चांगली. त्यांच्या मजलिसच्या, म्हणजे पाहुण्यांच्या दिवाणखान्याच्या, समोरच्या भिंतीवर एकच वस्तू टांगलेली असायची. त्यांच्या आजोबांची रायफल. जर्मनीत बनलेली, पण तुर्कांच्या सैन्यासाठी बनवलेली मॉझर. म्हणून तिच्यावरचे नंबर अरबी आकड्यांत होते. आजोबांनी ती बसऱ्याहून गलबतातून आणली होती.

त्या रायफलीची गोष्ट त्या भागात सगळ्यांना माहीत होती. एका विहिरीवरून दोन घराण्यांत वैर झालं. जाणत्यांनी समेट घडवला आणि सांगितलं, की दोन्ही बाजूंनी आपापल्या रायफलींच्या कड्या काढून मध्यस्थांकडे ठेवाव्यात. म्हणजे कुणी रागाच्या भरात गोळी घालणार नाही. समोरच्यांनी ठेवल्या. आजोबा म्हणाले, "कडी माझ्याकडेच राहील. माझा शब्द तुमच्याकडे ठेवतो." आणि मध्यस्थांनी शब्द ठेवून घेतला. तेव्हापासून त्या घराण्याच्या शब्दाची किंमत कुणी विचारली नाही. मुलींच्या सोयरिकी या गोष्टीवर झाल्या.

अबू सैफना रायफल विकायची नव्हती. मुलाच्या, सैफच्या, हौसेखातर तिचं वय आणि जात समजून घ्यायची होती. आम्ही गेलो तेव्हा मजलिस भरलेली होती. चुलतभाऊ, शेजारी, एक-दोन म्हातारे. खजूर आले, मग गहवा, वेलची घातलेली अरबी कॉफी. अबू सैफनी आजोबांची गोष्ट सांगितली. बशीरभाईंनी मान हलवत ऐकली.

मग ते कामाला लागले. कडी काढून दाराशी उजेडात नेली आणि तिच्यावरचा आकडा वाचून बटर पेपरच्या तुकड्यावर लिहिला. लिहिला देवनागरीत. ही त्यांची जुनी युक्ती. व्यापारी खांद्यावरून डोकावत, म्हणून ते सगळे आकडे मराठीत मांडायचे. नळीवरचा नंबर घासून गेला होता. नुसत्या डोळ्यांनी दिसेना. तेव्हा त्यांनी तोच कागद नळीवर धरला आणि वरून पेन्सिल फिरवली. नाण्यावर कागद ठेवून मुलं छाप काढतात तसा. तीन आकडे कागदावर उमटले. त्यांनी छाप बघितला, खाली स्वतः लिहिलेलं बघितलं, कागदाची घडी घालून खिशात टाकली.

"कडी इस की नहीं है," ते म्हणाले. "दूसरे रायफल की है."

कडी दुसरीकडची, म्हणजे पहिली कधीतरी हातातून गेली होती. म्हणजे आजोबांनीही ती मध्यस्थांकडे ठेवली होती आणि शब्दाची गोष्ट मागाहून जोडलेली होती. हे त्या खोलीत सगळ्यांना एकदम कळलं.

अबू सैफनी आणखी गहवा ओतायला किटली पुढे केली. बशीरभाईंनी फिंजान, तो कॉफीचा छोटा रिकामा कप, हलवला. बस झालं, हे सांगायची ती इथली रीत. मग आम्ही निघालो.

डोंगरातल्या बोगद्यांच्या रस्त्याने परत येताना मी म्हटलं, "एवढ्या लोकांत सांगायला नको होतं."

"त्यांनी लोकांत विचारलं."

"वाईट नाही वाटलं?"

"वाईट वाटायला मी काय केलं? लोखंडाने सांगितलं ते सांगितलं. गोष्ट माणसाची, लेले..." पुढे कुणाकडून तरी कळलं, की अबू सैफनी रायफल भिंतीवरून उतरवून आतल्या खोलीत ठेवली. भिंत मोकळीच ठेवली. तिथे दुसरं काही टांगलं नाही.

मधे काही वर्षं गेली. बशीरभाई लॅबमधून निवृत्त झाले. मुलीकडे शारजालाच राहिले. हृदयाचं दुखणं निघालं, जिने बंद झाले, रायफली बघायला बोलावणी येत तीही त्यांनी कमी केली. एके दिवशी दुपारी त्यांचा फोन आला.

"लेले, मी गाढव आहे."

इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःला दिलेलं हे पहिलं विशेषण असावं. मग त्यांनी झालेलं सांगितलं.

सनाला शाळेच्या प्रोजेक्टसाठी बटर पेपर हवा होता. आजोबांच्या भिंगांच्या डब्यात एक तुकडा मिळाला. तो घेऊन ती त्यांच्याकडे आली. "नाना, कॅन आय यूज धिस? इट ओन्ली हॅज नाइन फोर फाइव्ह ऑन इट."

"ते मीच लिहिलंय, बाळा. पण तुला मराठी आकडे कधीपासून यायला लागले?"

"नॉट युअर रायटिंग, नाना. द पेन्सिल वन. नाइन, फोर, फाइव्ह. वुई डू अरेबिक नंबर्स सिन्स के-जी!"

त्यांनी कागद हातात घेतला. खाली त्यांच्या अक्षरात, देवनागरीत, नऊशे पंचेचाळीस. कडीचा नंबर. वर नळीचा पेन्सिलीतला छाप. अरबी नऊ हा आपल्या मराठी एकासारखा दिसतो. अरबी चार आपल्या सहासारखा. आणि अरबी पाच म्हणजे तर आपलं शून्यच. खाली मराठी आकडे लिहिलेले असताना, मराठी शाळेत पाढे शिकलेल्या डोळ्यांनी त्यांनी वरचा छापही मराठीतच वाचला होता. एकशे साठ. कडीवरचा आकडा कडीवर वाचताना अरबी होता. कागदावर उतरला आणि मराठी झाला. दुनियेतल्या कुठल्याही जर्मन तज्ज्ञाची ही चूक झाली नसती.

"कडी तिचीच होती, लेले," ते म्हणाले. "दार तिचंच होतं."

मी संध्याकाळी शारजाला गेलो. नसरीन त्यांना समजावत होती. "अब्बा, फोन करा ना. नाहीतर सैफला व्हॉट्सअॅप करा, फोटोसकट. प्रवास कशाला? डॉक्टर काय बोलले ऐकलंत ना?"

"फोनवर काय सांगू? माझी चूक चारचौघांत झाली, ती दुरुस्त कोपऱ्यात कशी होईल?"

"तुमचं नाव आहे, अब्बा. एक चूक कबूल केली की लोक तुमचे जुने सगळे रिपोर्ट परत काढतील. ज्यांना ज्यांना तुम्ही खोटं ठरवलंत ते सगळे दारात उभे राहतील."

हे खरं होतं, आणि त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. त्यांच्याजवळ ना प्रमाणपत्र होतं, ना संस्था, ना एखादी रायफल. होता तो शब्द. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या गोष्टी बाजूला सारल्या त्या याच शब्दाच्या जोरावर. तो एकदा चुकला असं भर मजलिसमध्ये सांगायचं, म्हणजे पुढे कुणी तो घ्यायचा की नाही हे लोकांवर सोपवायचं.

ते टीपॉयवरच्या कागदावर वाकले. हात पाठीमागे बांधलेले. मग म्हणाले, "त्या म्हाताऱ्याची भिंत मोकळी आहे. मी नाव सांभाळत बसू? यल्ला, लेले, शुक्रवारी गाडी काढा."

त्यांनी सैफला फोन करून एक अट घातली. त्या दिवशी मजलिसमध्ये जे होते ते सगळे हवेत. सैफ म्हणाला, त्यातले दोघं वारले. बशीरभाईंनी त्यांची नावं विचारली आणि म्हणाले, "उन के बेटों को बुलाओ."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हा माणूस माफीसुद्धा रुबाबातच मागणार. तशीच मागितली.

मजलिस भरली होती. अबू सैफ आता काठी घेऊन उठत होते, तरी उठले. समोरची भिंत रिकामी होती. दोन खिळे अजून होते. गहवा येण्याआधीच बशीरभाई उभे राहिले.

"अबू सैफ, उस दिन मैं सब के सामने बोला था. आज भी सब के सामने बोलता हूँ. आप के दादा का बात सही था. मैं गलत पढ़ा."

खोलीत हालचाल झाली. सैफने आतून रायफल आणली. बशीरभाईंनी नवा बटर पेपर काढला, नळीवर धरला, पेन्सिल फिरवली आणि कागद सैफच्या हातात दिला. "आप पढ़ो."

"तिस्सा, अरबा, खमसा," सैफने वाचलं.

"अभी कडी."

सैफने कडी उजेडात धरली. "तिस्सा, अरबा, खमसा."

नऊ, चार, पाच. एका म्हाताऱ्याने हात वर करून अल्लाचं नाव घेतलं. दुसऱ्याने मात्र विचारलंच, की एवढा मोठा जाणकार, आणि तीन आकडे वाचता आले नाहीत? बशीरभाईंनी टिश्यूच्या खोक्यावर मराठीत एक, सहा, शून्य लिहिलं आणि सगळ्यांना दाखवलं. "ये हमारा एक. ये हमारा छह. ये हमारा सिफर. मैं अपने स्कूल का पढ़ गया."

खोकं हातोहात फिरलं. अबू सैफनी ते डोळ्यांजवळ धरलं, दूर धरलं आणि हसायला लागले. इतके हसले की काठी हातातून पडली.

"या बशीर! हमारा ये नंबर है ना, इस को अरबी में क्या बोलता है मालूम? हिंदी नंबर! तुम्हारे मुल्क से आया, इसलिए. हम तुम से सीखा, और तुम ही भूल गया?"

सगळी मजलिस हसली. बशीरभाईही हसले, पण जरा उशिराने. आपल्यावर झालेला विनोद त्यांनी भिंगाखाली घातल्यासारखा आधी तपासला आणि तो अस्सल आहे अशी खात्री पटल्यावर मग हसले.

हसणं ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "आप ने उस दिन कुछ बोला क्यों नहीं? मुझे झूठा बोलते. निकाल देते."

अबू सैफनी दाढीवरून हात फिरवला. "मेरा दादा झूठ नहीं बोलता था. तू भी झूठ नहीं बोलता, ये सब लोग जानता है. दो सच्चा आदमी, और बात एक नहीं. तो एक को ठहरना पड़ेगा. मैं सोचा, दादा ठहरेगा. उस के पास टाइम ज़्यादा है."

बशीरभाईंनी खाली पडलेली काठी उचलून त्यांच्या हातात दिली.

मग अबू सैफनी कडी रायफलीत बसवायला लावली आणि रायफल सैफकडून घेऊन बशीरभाईंच्या हातांवर ठेवली. "तेरे बोलने से उतरा. तेरे हाथ से चढ़ेगा."

ज्या माणसाने रायफल कधी गरजेपेक्षा क्षणभरही हातात ठेवली नव्हती, तो ती दोन्ही हातांवर आडवी घेऊन खोलीच्या मधोमध उभा राहिला. मग भिंतीकडे गेला. हात वर करताना त्यांना दम लागला. मी पुढे झालो, तर त्यांनी डोळ्यांनीच मला थांबवलं. रायफल खिळ्यांवर बसली, पण जरा तिरकी. डाव्या बाजूला कललेली. सैफ सरळ करायला उठला. अबू सैफ म्हणाले, "खलास. रहने दो."

गहवा आला. अबू सैफ ओतत राहिले आणि बशीरभाई पीत राहिले. त्यांनी फिंजान हलवला नाही. शेवटी किटलीच संपली.

परत येताना गाडीत जुमेराच्या शेटजींचा फोन आला. बातमी आमच्या आधी डोंगर उतरली होती. स्पीकरवर त्यांचा आवाज आनंदाने फुटत होता. "बशीरभाई, ऐकलं ते खरं का? मिस्टेक झाली म्हणे तुमची! मग आमच्या रायफलीचं काय? पुन्हा बघून टाका की!"

"बघायची गरज नाही, शेटजी," बशीरभाई म्हणाले. "त्यांचा नंबर मी चुकीचा वाचला. तुमचा गरुड अजून खोटाच आहे." फोन ठेवला आणि मला म्हणाले, "भूक लागली."

शारजाला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मी त्यांना इमारतीच्या पार्किंगमध्ये सोडलं. चला वर, चहा घ्या, म्हणाले. मी पुन्हा कधीतरी, इन्शाल्ला, असं म्हटलं. गाडी वळवून मी आरशात बघितलं. ते आत गेले नव्हते. पार्किंगमधल्या गाड्यांच्या रांगेपुढून हळूहळू चालत होते. हात पाठीमागे बांधलेले. एकेका गाडीपुढे थांबून ते पाटीवरचे अरबी आकडे मोठ्याने वाचत होते. अरबीत वाचून झाले की पुन्हा मराठीत. शाळेतली मुलं उभी राहून वाचतात तसे. वरच्या मजल्यावरून सनाने हाक मारली, "नाना, कम अप! व्हॉट आर यू डूइंग?" त्यांनी वर बघितलं आणि हात हलवून सांगितलं, की येतो, ही रांग संपू दे.

त्यानंतर मी त्यांना पाहिलं ते त्या मंगळवारी.

भिंग नसरीनने मला दिलं. बटर पेपरचा तो तुकडा सनाकडे आहे. तिच्या आरशाच्या कडेला खोचलेला आहे आणि तिला आता मराठी आकडे येतात. मागच्या आठवड्यात मी खोरफक्कानला जाऊन आलो. रायफल भिंतीवर आहे. ती अजून डावीकडे कललेली आहे.